मेंदूवरील शिशाचे आक्रमण आणि वनस्पतींचे कवच

पुणे शहराच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचे ठोके आजही ऐकू येतात. तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्या कारागिरांची ही वस्ती पेशवेकाळापासूनची आहे. भांडे घडून तयार झाले म्हणजे काम संपत नाही. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतात, म्हणून भांड्याला आतून कल्हई करावी लागते. भांडे तापवावयाचे, नवसागराची पूड टाकावयाची, कथिलाची कांडी फिरवावयाची आणि कापसाच्या बोळ्याने तो चकचकीत थर सारखा करावयाचा, ही कृती जुन्या पिढीने दारोदार पाहिलेली आहे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियस तापमानास वितळते आणि ते महागही असते. त्यात शिसे मिसळले तर मिश्रण १८३ अंशांपासूनच वितळू लागते, भराभर पसरते आणि स्वस्त पडते. चकाकी दोहोंची सारखीच. फरक पडतो तो आमटीत चिंच किंवा आमसूल पडल्यानंतर, आणि तोही डोळ्यांना दिसत नाही.

शिसे ही मानवाची फार जुनी ओळख. आपल्या भाषेत लिहिण्याच्या साध्या काडीलाही या धातूचे नाव चिकटले. शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते, असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. कारण पेन्सिल चघळणाऱ्या मुलाच्या आईला भलतीच भीती आणि भिंतीच्या जुन्या रंगाचा पोपडा तोंडात घालणाऱ्या मुलाकडे मात्र दुर्लक्ष, असे अनेक घरांतून घडते.

शिसे, पारा, कॅडमियम आणि सोमल अर्थात आर्सेनिक यांना सामान्यतः विषारी जड धातू म्हणून ओळखले जाते. या चौघांपैकी बालकांच्या मेंदूच्या दृष्टीने आपल्याकडे सर्वांत व्यापक धोका शिशाचा आहे. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी बालकांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे, आणि त्यांपैकी सुमारे २७ कोटी ५० लक्ष बालके भारतातील असावीत असा अंदाज आहे. हा हिशेब मिळेल त्या पाहण्यांच्या आधारे केलेला अंदाज आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या दुसऱ्या फेरीत, १९९८-९९ मध्ये, तीन वर्षांखालील बालकांच्या रक्तातील शिसे मोजण्यात आले ते केवळ मुंबई व दिल्ली या दोन शहरांत. पुण्याचा त्यात समावेश नव्हता.

त्या पाहणीनंतर परिस्थितीत मोठा पालट झाला, हेही नमूद करावयास हवे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली करण्यात आला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. परंतु जुन्या भिंती व जुनी दारे-खिडक्या आपापले रंग घेऊन उभीच आहेत. शिवाय वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याचा उघड्यावरील व्यवसाय, भेसळीची कल्हई, काही प्रकारचे मसाले आणि मूर्तींचे झगमगीत रंग हे मार्ग उरलेच.

शिसे मेंदूत शिरते कसे

शिशाचे कपट असे, की ते शरीरात कॅल्शियमचे सोंग घेते. कॅल्शियम ज्या दाराने आत येते त्याच दाराने शिसेही येते. आतड्यांतून ते रक्तात उतरते आणि तेथून मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती असलेला संरक्षक पडदा ओलांडून मज्जापेशींपर्यंत पोहोचते. मज्जापेशी एकमेकींना जे निरोप देतात ते कॅल्शियमच्या सूक्ष्म हालचालींवर अवलंबून असतात. तेथे तोतया शिरला की निरोप चुकतात. स्मरण व अध्ययन यांच्याशी निगडित असलेल्या पेशीकेंद्रांवर याचा विशेष परिणाम होतो. त्याचबरोबर शिसे पेशींतील ‘ग्लुटाथायोन’ या संरक्षक द्रव्याला निकामी करते. परिणामी ऑक्सिजनचे उग्र कण मोकाट सुटतात आणि पेशींची स्निग्ध आवरणे जळू लागतात.

रक्तातील निम्मे शिसे सुमारे एका महिन्यात कमी होते. ते सर्व शरीराबाहेर जाते असे मात्र नाही. पुष्कळसे हाडांत जाऊन बसते आणि तेथे कित्येक वर्षे मुक्काम करते. गर्भारपणात आईच्या हाडांतील कॅल्शियम बाळाकडे जाते, तेव्हा तिने स्वतःच्या बालपणी साठविलेले शिसेही त्याबरोबर निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते.

किती शिसे म्हणजे धोका, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत सतत खाली सरकत आले आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात निरनिराळ्या देशांतील १,३३३ बालकांची माहिती एकत्र करण्यात आली. रक्तातील शिसे २.४ वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढले असता बुद्ध्यंकात ३.९ गुणांची घट आढळली. १० वरून २० पर्यंतच्या वाढीत मात्र आणखी १.९ गुणांचीच. याचा अर्थ असा, की पहिल्या थोड्या शिशानेच अधिक नुकसान होते. वर्गातील जे मूल ‘लक्ष देत नाही’, ‘दोनदा सांगूनही विसरते’ म्हणून मागे बसविले जाते, त्याच्या बाबतीत हेही एक कारण असू शकते. अर्थात कारणे अनेक असतात आणि रक्त तपासल्यावाचून कोणावरही असा शिक्का मारणे योग्य ठरणार नाही.

सर्पगंधेचा धडा

धातूंच्या विषाशी झुंजण्याची विद्या वनस्पतींनी मानवाच्या कितीतरी आधी साध्य केली आहे. झाडाला जागा सोडून पळता येत नाही. मुळांपाशी कॅडमियम आले तरी त्याला तेथेच उभे राहावे लागते. १९८५ साली जर्मन शास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या, होय, रक्तदाबावरील औषधासाठी आपल्याला परिचित असलेल्या सर्पगंधेच्याच, प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींतून धातूंना जखडून ठेवणारी लहान प्रथिनसदृश द्रव्ये वेगळी केली. त्यांना ‘फायटोकिलेटिन’ असे नाव मिळाले. ही द्रव्ये ग्लुटाथायोनपासूनच तयार होतात. गंधकयुक्त भाग धातूचा कण पकडतो आणि वनस्पती ते गाठोडे पेशीच्या एका कोपऱ्यातील पोकळीत कोंडून टाकते. मानवी शरीरात ही नेमकी सोय नाही, परंतु ग्लुटाथायोन आहे. त्यामुळे शरीरातील हे द्रव्य टिकवून धरणारी किंवा त्याला हातभार लावणारी वनस्पतिजन्य द्रव्ये कोणती, याचा शोध सुरू झाला.

या शोधात सर्वांत पुढे आहे ती हळद. हळदीचा पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो ते कुर्क्युमिन १८१५ साली प्रथम वेगळे करण्यात आले. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना ४५ दिवस शिसे देण्यात आले. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत स्निग्ध द्रव्यांची नासाडी वाढली आणि ग्लुटाथायोन घटले. ज्या उंदरांना त्याच काळात शरीराच्या दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम कुर्क्युमिनही दिले होते, त्यांच्या मेंदूत ही नासाडी पुष्कळच कमी आढळली, इतकेच नव्हे तर शिशाचे प्रमाणही कमी भरले. कुर्क्युमिन उग्र कणांना शमविते आणि धातूच्या कणाशी बंधही जोडते, असे दुहेरी स्पष्टीकरण त्यावर देण्यात येते.

कांद्यातील क्वेर्सेटिन, चहातील कॅटेचिन, आवळ्यातील तुरट द्रव्ये व जीवनसत्त्व ‘क’, ब्राह्मीतील बॅकोसाइड यांवरही प्राण्यांवर असेच प्रयोग झाले आहेत व बहुतेकांचा निष्कर्ष अनुकूल आहे. माणसांवरील पुरावा मात्र फार थोडा आहे. त्यात उल्लेखनीय प्रयोग लसणाचा. इराणमधील मशहद येथे मोटारीच्या बॅटऱ्या बनविणाऱ्या ११७ कामगारांना दोन गटांत विभागून एका गटास लसणाच्या गोळ्या व दुसऱ्यास ‘डी-पेनिसिलामीन’ हे प्रस्थापित औषध चार आठवडे देण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या रक्तातील शिसे कमी झाले आणि लसूण घेणाऱ्यांना औषधाचा त्रासही कमी झाला. लसणाच्या उग्र वासामागील गंधकयुक्त द्रव्ये येथे कामी आली असावीत. सर्पगंधेच्या पेशींतही पकड गंधकाचीच होती, याची येथे आठवण होते.

हिशेबाची बाजू

या निष्कर्षांवरून हळदीचे दूध किंवा लसणाची चटणी हा शिशावरचा उतारा आहे असे कोणी समजेल, तर ती घोडचूक ठरेल. थोडा हिशेब मांडून पाहावा. उंदराला किलोमागे दिलेले १०० मिलिग्रॅम मानवी शरीराच्या मापात बसविले तर ते किलोमागे सुमारे १६ मिलिग्रॅम होते. ६० किलो वजनाच्या माणसाला रोज जवळजवळ १ ग्रॅम कुर्क्युमिन लागेल. हळदीत कुर्क्युमिन साधारणतः शेकडा ३ भाग धरले, तर त्यासाठी रोज ३० ग्रॅमहून अधिक हळद खावी लागेल. आपल्या आमटी-भाजीत माणशी एखाद-दोन ग्रॅम हळद पडते. शिवाय कुर्क्युमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पायपरिनबरोबर दिल्यास त्याचे शोषण माणसांत अनेक पटींनी वाढते, असे बंगळूरच्या सेंट जॉन वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले. परंतु मुळातील प्रमाणच इतके अल्प, की वाढूनही ते मेंदूपर्यंत किती पोहोचते हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्रयोगातील उंदरांना शिसे आणि कुर्क्युमिन एकाच काळात दिले होते. मूल मात्र वर्षानुवर्षे शिसे घेऊन मग दवाखान्यात येते. झालेले नुकसान मागाहून भरून काढणे प्रबळ औषधांनाही जड जाते. अमेरिकेत ७८० बालकांवर झालेल्या व २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘सक्सिमर’ या शिसे बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाने रक्तातील शिसे उतरले. परंतु बालकांच्या बौद्धिक चाचण्यांत काहीही सुधारणा दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार बालकांच्या रक्तातील शिसे ४५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक असल्यास अशा औषधांचा विचार करावयाचा असतो, आणि तोही रुग्णालयातील देखरेखीखाली. त्याखालील पातळीवर मुख्य उपचार एकच: शिसे कोठून येते ते शोधून काढणे आणि तो मार्ग बंद करणे.

ज्यात औषध, त्यातच विष

आणि येथेच विषयाला अनपेक्षित कलाटणी मिळते. बांगलादेशात गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडले, तेव्हा संशोधकांनी त्याचा माग काढीत निघावे आणि थांबावे ते हळदीपाशी! १९८० च्या दशकातील पुरांनंतर काळवंडलेल्या हळकुंडांना उजळा देण्यासाठी पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळण्याची तेथे प्रथा पडली होती. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच तेथील शासनाने बाजारांत धाडी घातल्या, दंड केले, सूचनाफलक लावले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळत होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. हळद-गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही उतरले. दोन वर्षांत इतका फरक कोणत्याही वनस्पतीच्या अर्काने पडला नसता.

भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील २३ शहरांतून घेतलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ टक्के नमुन्यांत शिसे आढळले आणि पाटणा, कराची व पेशावर येथील काही नमुन्यांत ते दर ग्रॅमला १,००० मायक्रोग्रॅमच्या वर होते. भारतातील कायदेशीर मर्यादा १० मायक्रोग्रॅमची आहे. अशा भेसळीची एक ग्रॅम हळद म्हणजे पोटात एक मिलिग्रॅम शिसे. आणि त्यासोबत येणारे ३० मिलिग्रॅम कुर्क्युमिन त्यापुढे काय करणार?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्याही आधी, १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर दिले गेलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. हळदीचे ज्ञान आपले, हे जगापुढे सिद्ध झाले. तिची शुद्धता राखण्याचे काम मात्र कोणत्याही न्यायाधिकरणापुढे एकदाच जिंकून संपत नाही.

ब्राह्मीची कथा अशीच आहे. बुद्धिवर्धक म्हणून प्रसिद्ध असलेली ही ओलाव्यात वाढणारी वनस्पती पाण्यातील धातू झपाट्याने शोषून घेते. तांबे व कॅडमियम यांनी दूषित झालेले पाणी स्वच्छ करण्यास ती उपयोगी पडेल काय, याचाच अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला आहे. जो गुण सांडपाणी शुद्ध करण्यास उपकारक, तोच औषध म्हणून घातक ठरू शकतो. मुळा-मुठेच्या काठावरील अथवा शहरी नाल्यालगतची ब्राह्मी उपटून तिचा रस मुलास देणे म्हणजे मेंदूच्या रक्षणासाठी मेंदूच्या शत्रूलाच बोलावणे होय. नदीकाठच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पालेभाज्यांनाही हेच लागू आहे. मुठेत माजणारी जलपर्णी धातू शोषते म्हणून तिचे खत करून भाजीला घालावे, असे सुचविणाऱ्यांनी तर अधिकच विचार करावा.

आयुर्वेदाच्या बाबतीत दोन टोकांची मते ऐकू येतात व दोन्ही घाईची असतात. शरीरात साचून कालांतराने प्रकट होणाऱ्या ‘दूषीविषा’ची कल्पना सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आलेली आहे. तेव्हा मंदगती विषाचा विचार या शास्त्राला नवा नव्हे. त्याच परंपरेतील रसशास्त्र पारा, शिसे आदी धातूंवर संस्कार करून औषधे सिद्ध करते. आणि अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत जड धातू आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. केवळ वनस्पतींपासून बनविलेल्या औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. परदेशी ग्राहकाला जी काळजी मिळाली तिचा आग्रह गावातील ग्राहकानेही धरावयास हरकत नाही. बिननावाची, बिनलेबलची पुडी बालकास देऊ नये, एवढे पथ्य तरी पाळता येईल.

ताटातील संरक्षण

वनस्पतींचे खरे कवच औषधाच्या गोळीपेक्षा रोजच्या ताटात अधिक आहे, आणि त्यामागे भक्कम शास्त्र आहे. ज्या मुलाच्या शरीरात लोह व कॅल्शियम कमी, त्याचे आतडे शिसे अधिक शोषते. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आहेत. शिशाला याहून मोकळे दार कोणते असेल? नाचणीच्या दर १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शेवग्याचा पाला, मटकीची उसळ, त्यावर लिंबू वा जोडीला आवळा, म्हणजे लोहाचे शोषण वाढावे, आणि जेवणाबरोबर चहा नको, कारण तो तेच शोषण रोखतो. चहाच्या ज्या द्रव्याचे प्रयोगशाळेत कौतुक होते ते ताटात असे आडवे येते. मूल उपाशीपोटी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. म्हणून शाळेतील माध्यान्ह भोजन वेळेवर होणे याला या दृष्टीनेही महत्त्व आहे.

शाळेच्या व्हरांड्यातील पोपडे कोरडे घासून काढू नयेत. भिंत ओली करून खरवडावी, मुलांना दूर ठेवावे आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. जेवणापूर्वी हात धुणे हा नियम येथे जंतूंइतकाच धुळीतील शिशासाठी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० साली काढलेल्या व २०२० साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत विषारी रंगांऐवजी नैसर्गिक रंगांचा आग्रह धरला आहे. कार्यशाळेत गणपती रंगविणाऱ्या मुलांनी रंगाचा कुंचला ओठांनी टोकदार करू नये, हे मात्र वर्गातच सांगावे लागेल. गावाच्या शिवारात कोणी बॅटऱ्या फोडून शिसे वितळवीत असेल तर ग्रामपंचायतीने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार हे काम नोंदणीकृत केंद्रांतच व्हावयाचे आहे.

कल्हईपुरते बोलावयाचे तर शुद्ध कथिलाची कांडी वाकविली असता ‘कर्र’ असा बारीक आवाज होतो, आणि शिसे कागदावर घासल्यास करडी रेघ उमटते. जुने कारागीर या खुणा जाणतात. सामुदायिक भोजनाची भांडी कल्हईला देताना त्या त्यांच्याकडूनच करून घ्याव्यात. हळदीच्या बाबतीत शक्यतो हळकुंडे आणून दळून घ्यावीत. वाजवीपेक्षा उजळ हळकुंड पाण्यात टाकताच पिवळा रंग सोडू लागले तर शंका घ्यावी. शंकेची खात्री प्रयोगशाळेतच होते. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, आणि अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० अन्वये कोणाही ग्राहकास शुल्क भरून आपण विकत घेतलेल्या खाद्यपदार्थाचे अन्न विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेता येते. आपण तसे करणार आहोत हे खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगावे लागते, आणि पदार्थ नियमात बसत नाही असा अहवाल आल्यास भरलेले शुल्क ग्राहकास परत मिळते.